इयत्ता नका लिवू

"हे न्हाई भाऊ. दुसरं बगा." एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर ठेवून त्या बाई पुस्तक परत पुढं करायच्या.

नसरापूरला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बाई वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवरून यायच्या. त्यांची थोरली मुलगी गुरांमागं गेली असताना कड्यावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं, शाळा दोन वर्षं सुटली. मग बाईच तिला घरी शिकवू लागल्या.

वयानं मुलगी पाचवीची, म्हणून आधी पाचवीचं मराठीचं पुस्तक नेलं. आठवड्यात परत. "पयल्याच पानाला रडली." मग चौथीचं गेलं आणि आलं, तिसरीचं गेलं आणि आलं. मी म्हणायचो, "ताई, बसा जरा, पाणी घ्या." त्या पदराचं टोक पिळत उभ्याच.

"जूनला भाटघरला मामाकडं ठिवनार हाय तिला. थितं शाळा दारात हाय. पन वाचता आलं न्हाई तर जायचीच न्हाई म्हनती. पोरी हसतील."

शेवटी मी दुसरीचं काढलं. बाईंनी शब्दांवरून बोट फिरवलं. चेहरा सैल झाला. "हे जमंल." मग मुखपृष्ठावरचा आकडा दिसला, तसं पुस्तक खाली ठेवलं. "धाकटी दुसरीत हाय. तिच्यासमोर हे कसं द्यायचं?"

तडक रस्त्यापर्यंत गेल्या. तुम्हालाही वाटलं असतं, आता या काही येत नाहीत. पण मागं वळल्या.

"खाकी कागद हाय का?"

कव्हर त्यांनी उभ्याउभ्याच घातलं. मी वर मुलीचं नाव लिहिलं. पेन पुढं सरकताच त्यांनी माझा हात धरला. "इयत्ता नका लिवू."

ते पुस्तक परत आलं नाही. पुढच्या खेपेला मी विचारलं, "धाकटीला कळलं नाही ना?"

"पयल्याच दिवशी कळलं. धडे पाठ हायेत तिला. पन बोलली न्हाई. थोरली आडली की हळूच सांगती." एवढं बोलून बाईंनी तोंड फिरवलं. "तिसरीचं द्या आता. लवकर."

जूनमध्ये मुलगी पाचवीत बसली. बाईंचं येणं थांबलं.

परवा दुकानात एक मुलगी आली. जराशी लंगडत. गोष्टीचं पुस्तक हवं होतं.

"कितवीला आहेस?"

"सातवीत. पन पुस्तक कितवीचं बी चालंल." नाव सांगितलं, तेव्हा ओळख पटली.

"आई नाही आली?"

"न्हाई. म्हनली, आता तुझं तू बग."

तिनं एक पुस्तक उघडलं आणि फळीला टेकून वाचायला लागली. बाहेर भोरची एसटी येऊन थांबली.

"गाडी जाईल गं," मी म्हणालो.

"जाऊ द्या. पान व्हायचंय."