एक नंबरचा मान

संगणकाचं मन जपणारी आणि माणसाचं मात्र मुळीच न जपणारी बाई अख्ख्या रत्नागिरीत एकच होती, आणि ती आमच्या कॉलेजात गणित शिकवायची. दोन हजार सालानंतर कॉलेजचं नेटवर्क या बाईंच्या गळ्यात पडलं. साठ यंत्रं, प्रत्येकाला वेगळा पत्ता, एकच पत्ता दोघांना द्यायचा नाही, एवढं मला, म्हणजे मराठीच्या मास्तराला, वर्षभरात समजलं. बाई समजावू लागल्या की तेही निसटायचं. डब्यातलं फणसाचं सांदण माझ्यापुढे सरकवत त्या विचारायच्या, "तुमची ईमेल अमेरिकेला जाते, तर वाटेतल्या किती यंत्रांना सगळी वाट ठाऊक असते?"

"सगळ्यांना?"

"एकालाही नाही! प्रत्येकाला पुढचा टप्पा तेवढा माहीत."

सांदण घशातच अडकायचं. साठही पत्ते बाईंना तोंडपाठ. माझ्या बायकोला मात्र त्या सात वर्षं दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारत होत्या.

मग नवे प्राचार्य आले. आपल्या संगणकाला एक नंबरचाच पत्ता हवा, हा त्यांचा हट्ट. बाई म्हणाल्या, "सर, एक नंबर राउटरचा. बाहेर जाणारं सगळं आधी त्याच्याकडे जातं."

"कॉलेजात सगळं आधी माझ्याकडे येतं," प्राचार्य म्हणाले, आणि संध्याकाळी बाई घरी गेल्यावर हेडक्लार्ककडून नंबर बदलून घेतला.

दुसऱ्या दिवशी परीक्षेचे अर्ज इंटरनेटवरून पाठवायची शेवटची मुदत. दहा वाजताच सगळं ठप्प. पाली-हातखंब्याहून आलेली मुलं जिन्यावर बसून. एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, माझं वर्ष जाईल काय?" बाई पदर खोचून खोल्याखोल्यांतून एकेक वायर उपटत निघाल्या. आपण काय शोधतोय याचा पत्ता नसलेला मी मागोमाग. तीन तासांनी प्राचार्यांच्या केबिनमधली वायर निघाली आणि लॅबमधून ओरडा आला, "चालू झालं!"

प्राचार्य खुर्चीतून उठलेच. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, सगळं कॉलेज तुमच्याकडेच येत होतं. पण पुढे कुठे पाठवायचं ते तुमच्या यंत्राला कुठे ठाऊक?" आणि त्यांना एकशे एक नंबर देऊन टाकला. शुभ असतो म्हणाल्या. साहेब खूश!

साडेपाचला शेवटचा अर्ज गेला. बाई रिकाम्या लॅबमध्ये बसल्या होत्या.

मी म्हटलं, "तुम्हाला बरं कळलं, घोळ साहेबांच्याच खोलीत आहे ते!"

"कसलं कळतंय! मला शेवटपर्यंत काही सुधरत नव्हतं हो. त्या पोरीला काय सांगू, म्हणून नुसती चालत राहिले."

इतकी वर्षं मी समजत होतो, गोंधळलेला मी एकटाच. पुढल्या वर्षी बाई निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या, आणि कॉलेजात खरोखरच मी एकटा उरलो.