न्हाणीघराला कडी नसलेलं घर

न्हाणीघराचा झरोका जुन्या वाकळेच्या चिंध्यांनी बुजवणारी बाई मूर्खच म्हणायची, आणि ती बाई मी होते. गॅस गीझरची ज्योत वाऱ्यानं सारखी विझायची. गीझरवाल्याला बोलावण्याऐवजी मी वाराच बंद केला. ज्योत टिकली. निळीची पिवळी झाली, तेव्हा मला वाटलं, गीझर खूश झाला.

पण सांगायचंय ते माझ्या थोरल्या नणंदेबद्दल. बंद दाराशी इतकं वैर अख्ख्या लातुरात कुणी धरलं नसेल. भूकंपात औशाकडचं तिचं घर पडलं, सासरचं कुणी उरलं नाही, आणि ती आमच्याकडे आली ती पेचकस घेऊनच. बघता बघता घरातल्या साऱ्या कड्या निघाल्या. देवघराची निघताना मी म्हटलं, "आक्का, देव कुठं पळून चाललेत?"

"पळायची येळ आली तर? तुला हाका मारत बसावं व्हय त्यांनी?"

चोरांचं नाव काढलं, तर म्हणे, "येऊ दे की. आत येणाऱ्याचं भ्या न्हाई मला."

न्हाणीघराचा प्रश्न तिनं नियम करून सोडवला: आत असेल त्यानं मोठ्यानं बोलत राहायचं. आमचे यजमान आडतीतले तुरीचे भाव सांगत. मी शेजारणींची उणीदुणी काढत असे, आणि शेजारणी ती मन लावून ऐकत. पुढं गावात शिकवणी वर्गांचं पीक आलं, आम्हीही मागच्या खोल्या मुलींना भाड्यानं दिल्या. त्यातली उमरीची एक पोर अंघोळ करताना बेडकाची पचनसंस्था म्हणायची. बाहेर मेथी निवडता निवडता आक्कालाही निम्मा बेडूक पाठ झाला होता.

मी झरोका बुजवला त्याच्या दुसऱ्याच सकाळी पोरगी बेडकाच्या जठरापाशी अडखळली आणि गप्प झाली.

"फुडं आतडं हाय गं," आक्का म्हणाली. आतून नुसता पाण्याचा आवाज. "पोरी?"

मेथी अंगणभर झाली. आक्कानं दार ढकललं, श्वास धरून आत शिरली आणि लुगड्याच्या पदरात गुंडाळून पोरीला उघड्यावर ओढत आणलं. "शिलेंडर बंद कर!" ती माझ्यावर ओरडली. मी केला, तेवढीच त्या दिवशीची माझी अक्कल. मोकळ्या हवेत पोरीनं डोळे उघडले, मग आम्ही तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

ती वाचली. डॉक्टर मला बोलले: कोंडलेल्या जागेतल्या ज्योतीचा विषारी वायू वासानंसुद्धा कळत नाही. गीझरवाला बोलला: पिवळी ज्योत दिसली की गीझर बंद करायचा, बाई. त्यानं चिंध्या उपसल्या, गीझर बाहेरच्या भिंतीला टांगला. उमरीहून पोरीचे वडील आले, ते बोलले. यजमान तर बोलतच राहिले.

आक्का मात्र एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी ती पुन्हा मेथी घेऊन बसली, तेव्हा मला राहवेना. तिच्यापुढं बसून मी रडले आणि म्हटलं, "आक्का, तुम्ही का नाही रागवत?"

तिनं एक जुडी माझ्या पुढ्यात सरकवली.

"मामंजींनी बी भूकंपाच्या राती चोर येऊ नये म्हणूनच कडी घातली व्हती गं. त्यांच्यावर रागवावं तर ते ऱ्हायले न्हाईत. तू हायस की. तुला उद्या निवांत रागवते."