लाल पट्ट्याची मनी

मला शिकवलं ते कमलआत्यानं. दुष्काळात गावची विहीर आटली, तेव्हा तिनं जिवापाड जपलेली मनी मांजर माझ्याकडे शहरात पाठवली. मनीचा पाय दुखावला म्हणून मी तिला उस्मानपुऱ्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. बाकावर एक धनगर काका बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या मांजराच्या पाठीवर लाल पट्टा होता.

"लस दिलेल्या मेंढराला आमी असाच रंग लावतो," ते म्हणाले. "तुमच्या मांजराला दिली का?"

"ती घराबाहेर जातच नाही."

"मंग पिसाळलेलं कुत्रं घरात शिरलं, तर हिला इचारून चावंल व्हय?"

मी मनीला लसही देववली. बाहेर येताच काकांनी रंगाची डबी उघडली.

आत्याला लिहिलं, "पाऊस पडला की मनीला घेऊन येतो. तिची पाठ लाल दिसेल, घाबरू नको, रंग आहे. धरताना मलाही लागला. काका म्हणाले, ऱ्हाऊ द्या, एकाच कळपातले दिसता."