हरवली नव्हती ती मुलगी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ते प्रकरण आठवलं की आजही जीव हळहळतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बेंगळुरूत, शिवाजीनगर भागातल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो.

एके सकाळी चांगल्या नोकरीतला एक तरुण रडतच ठाण्यात शिरला. "साहेब, माझी मैत्रीण आठवडाभर बेपत्ता आहे. आम्ही लग्न करणार होतो. जात वेगळी, म्हणून तिच्या बापानंच तिचं काहीतरी बरंवाईट केलंय."

"लव्ह केस, सर," आमचे हेड कॉन्स्टेबल म्हणाले. "बापानं दडवली असणार." बहुतेक वेळा तसंच निघायचं. मीही मिसिंगची नोंद घेतली.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. मुलीच्या गल्लीतली फुलवाली आठवड्यापूर्वी पहाटे मार्केटात फुलं आणायला गेली होती. तिथं तिनं बापाला पाहिलं होतं. पोरीला शहराबाहेरच्या आनेकल गावच्या बसमध्ये बसवत होता आणि पोरगी रडत होती. झालं! आमचा संशय पक्का झाला.

बाप शिंपी. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर, माझ्यासारखंच. मी त्याला समोर बसवलं. "अण्णा, आपण एका भाषेचे. पोरगी कुठं आहे, खरं सांगा."

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. मी आवाज चढवला, कोठडीची भीती घातली. शेवटी एवढंच म्हणाला, "सरी, ठीक आहे साहेब. काय करायचं ते मला करा. तिला शोधू नका."

आता वायरलेसवर वर्णन पाठवायचं होतं. त्यासाठी तरुणाला बोलावलं. विचारलं, अंगावर कपडे काय असतील?

"साडीच असणार. चुडीदार मी बंद केला."

केस?

"वेणी. मोकळे सोडायचे नाहीत असं सांगून ठेवलंय."

मैत्रिणी कोण?

"आता कुणी नाही. त्या बऱ्या नव्हत्या. मी रोज तिला ऑफिसला सोडतो आणि संध्याकाळी बाहेर उभा राहतो. दुपारी तिनं एसटीडी बूथवरून फोन करायचा, नाही केला तर मी जेवत नाही. इतकं प्रेम आहे माझं, साहेब!"

माझी लेखणी थांबली. आयुष्यभर चोर-भामटे पाहिले, पण इतक्या अभिमानानं स्वतःविरुद्ध साक्ष देणारा पहिल्यांदाच पाहिला. आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता!

मी बापाला चहा पाजला आणि हे सगळं सांगितलं. म्हातारा ढसाढसा रडला. पोरीनं लग्नाला नकार दिला, तसा हा तरुण रोज घरासमोर येऊन उभा राहू लागला होता. 'जीव देईन' म्हणायचा. शेजारीपाजारी उलट तिलाच बोल लावायचे, असा जीव लावणारा मिळतो का म्हणून. शेवटी तिनंच बापाला गळ घातली, मला मावशीकडे पोचवा आणि कुणाला सांगू नका.

साध्या कपड्यांत, एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी आनेकलला गेलो. पोरगी दार उघडेना. मावशीनं समजावलं, तेव्हा कुठं बाहेर आली.

"त्यानं कधी मारलं?" मी विचारलं. "धमकी दिली?"

"नाही, साहेब. मारलं असतं तर बरं झालं असतं. दाखवायला वळ तरी असता." मग हळूच म्हणाली, "त्याला आत टाकता का? मी उद्याच घरी येते. नोकरी अजून आहे माझी."

सज्ञान मुलगी स्वखुशीनं राहते आहे, असा जबाब घेतला आणि मिसिंगची फाईल बंद केली. रस्त्यावर उभं राहणं, जेवण सोडणं, जीव देईन म्हणणं, याला त्या वेळी मला एकही दमदार कलम सापडलं नाही. वरिष्ठांनाही विचारून पाहिलं. तरुणाला बोलावून सज्जड दम दिला. तो निरागसपणे म्हणाला, "प्रेम करणं गुन्हा आहे का, साहेब?" तिचा पत्ता मात्र मी त्याला लागू दिला नाही.

दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. बापाचा कडक चेहरा आम्हाला गुन्हेगाराचा वाटला आणि प्रियकराचे अश्रू खरे वाटले. अश्रू खरेच होते हो, तिथंच तर सगळी गोम आहे! माणूस मनापासून रडतो आणि मनापासूनच दुसऱ्याचा श्वास कोंडतो. कुणी अभिमानानं सांगू लागला, 'मी तिला हे करू देत नाही', की मी आजही कान टवकारतो.

त्यानंतर दर सणाला तो शिंपी ठाण्यात यायचा. "आता आणू का तिला घरी?" मी म्हणायचो, "स्वल्प थांबा, अण्णा." माझी बदली झाली तोवर तिची नोकरी गेली होती आणि ती आनेकललाच होती. तो तरुण मात्र रोज संध्याकाळी बेंगळुरूतल्या तिच्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी चहा पीत उभा असायचा.