गोल भिंतीची पट्टी

न्हावऱ्याच्या महेंद्रनं नवं घर बांधताना हौसेनं हॉलची एक भिंत गोल करून घेतली. गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेचा दिवस तोंडावर आला, तरी त्या भिंतीवरची नक्षीची रबरी पट्टी काही बसेना. तो ताणून चिकटवायचा आणि हात काढला की टोक सुटून लोंबायचं.

बायको स्नेहल घरी ब्लाऊज शिवायची. ती म्हणाली, "गोल गळ्याला पायपिंग लावताना कुनी ओढत न्हाई. ओढलं की ते उलटतं. तुम्ही नुसतं टोक धरा."

तिनं पट्टी उन्हात पसरून मऊ केली आणि मधोमध सुरुवात करून, थोडा थोडा गम लावत, वरून कागदी टेप मारत दोन्ही अंगांना बसवत नेली.

वंदनेला गावातले बडे बागायतदार हौसराव आबाही आले. महेंद्रची आई झुंबरबाई जन्मभर त्यांच्या उसात खुरपायला गेली होती, पण आबा तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आज पहिल्यांदाच आले होते. भिंतीकडं बघून म्हणाले, "कुठला कारागीर आणला रं?"

"मीच केलं, आबा."

शब्द तोंडातून निसटला आणि महेंद्रला दिसलं, चहाचा ट्रे घेऊन स्नेहल मागंच उभी होती. तिनं आबांना कप दिला.

"मग आमच्या जिन्याला बी लाव की," आबा म्हणाले.

"लावतो की."

पाहुणे गेल्यावर त्यानं विचारलं, "राग आला?"

"न्हाई. पर 'आम्ही केलं' म्हणला असता तरी चाललं असतं."

त्यानंतर महेंद्र आबांच्या घराकडची वाट टाळू लागला. शेवटी आबांनीच त्याला दूध डेअरीवर गाठलं. "कवा येतो?"

भोवती माणसं होती. महेंद्रचे कान तापले. "आबा, मला न्हाई येत ते. स्नेहलनं लावली. मी नुसतं टोक धरलं व्हतं."

"मग त्या दिवशी?"

"खोटं बोललो."

कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. "झुंबर कधी असं खोटं बोलली नसती," एवढंच म्हणून ते वळले. ते महेंद्रला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

घरी येऊन त्यानं सगळं सांगितलं. स्नेहलनं मशिनवरचा पाय थांबवला.

"चारचौघांत सांगितलं?"

"व्हय."

"बरं केलं. जिना केवढा हाय, विचारलं का?"

"न्हाई."

"मग जा, विचारून या. मी करीन म्हणावं."

महेंद्रनं पायात चपला घातल्या. डेअरीपुढं अजून माणसं बसलेली होती. खाली मान घालून तो त्यांच्यासमोरून आबांच्या घराकडं निघाला.