आमच्यात माणूस तारा होत नाही

आपल्या चित्रपुस्तकांत आजोबा मरतात. आजी मरते. कुत्रा मरतो, झाडाचं शेवटचं पान गळतं. बाप मात्र मरत नाही. हे मी रागाने लिहितेय, पण नुसत्या रागाने नाही. मी शोधलंय. एका पाच वर्षांच्या मुलीसाठी मला असं एक पुस्तक हवं होतं आणि ते मला मिळालं नाही.

माझं शिक्षण कॉलेजात कमी आणि पत्रकांवर जास्त झालं. माणगावच्या पलीकडे आमचं भातशेतीचं गाव. तिथून संघटनेत गेले. टँकर, बंद पडलेली शाळा, रेशन, सगळ्यावर पत्रकं लिहिली. एक पान, मोठा टाइप, शेवटी उद्गारचिन्ह. मग संघटनेने वाड्यांवर मुलांसाठी पुस्तकांची पेटी फिरवायची ठरवली आणि ती पेटी माझ्या गळ्यात पडली. पेटीतल्या पुस्तकांवर मी ब्लॉग लिहायला लागले. तोही पत्रकासारखाच. एकदा मी एका चित्रपुस्तकावर तुटून पडले होते. त्यात बंगला होता, बंगल्यासमोर लॉन होती. मी लिहिलं, 'कुणाच्या बापाच्या घरासमोर लॉन असते?'

खाली एक प्रतिक्रिया आली. 'आमच्या पोरीला लॉन लई आवडली. ती म्हणते, इथं शेळ्या चांगल्या चरतील.'

मी एकटीच मोठ्याने हसले. मग प्रतिक्रिया लिहिणारीचा ब्लॉग उघडला.

ती आगरदांड्याच्या बाजूला राहायची, दिघीहून बोटीने पलीकडे. माझ्यापेक्षा थोडी मोठी. मी तिला आपा म्हणायला लागले, ती मला बाय. नवरा कुवेतला गोदामात कामाला. तिच्या ब्लॉगवर मतं नसायची. एका पुस्तकाचं मुखपृष्ठ, आणि खाली त्या दिवशी पोरगी काय म्हणाली, तिचे अब्बा काय म्हणाले, एवढंच. कारण पुस्तक वाचायचे ते अब्बा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला की पोरगी पुस्तक फोनसमोर धरायची, चित्रं त्यांच्याकडे आणि पाठ स्वतःकडे. ते तिकडून वाचायचे. त्यांचं शिक्षण उर्दू शाळेतलं, त्यामुळे मराठी अडखळत, एकेक अक्षर जोडत. पोरीला पुस्तक पाठ असायचं. ती पुस्तकामागून त्यांना दुरुस्त करायची. 'अब्बा, खेकडा न्हाय, खेकडी!' आपा हे सगळं तसंच्या तसं लिहायची. मला वाटतं, तेवढ्यात इतकं खरं लिहिणारं आमच्यात दुसरं कोणी नव्हतं.

आमच्यात म्हणजे आमच्या गटात. चित्रपुस्तकांवर लिहिणारे मराठी ब्लॉगवाले आम्ही मोजकेच. पुण्याच्या एक निवृत्त बाई गट चालवायच्या. एक चित्रकार मुलगा होता, दोन-चार शिक्षक, काही आया. एकमेकांना पुस्तकं पाठवायचो. वाचून झालं की पुढच्याला. कुठे पोस्टाने, कुठे एसटीच्या पार्सलने. कुणाच्या घरच्या डाळीचा डाग, कुणाच्या पोराने वाघाला काढलेल्या मिशा, असं सगळं गोळा करत पुस्तक फिरायचं. आपाकडे पुस्तक पोचवायला मी बऱ्याचदा स्वतःच जायचे. निमित्त पुस्तकाचं, खरं कारण तिच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या आणि गप्पा.

एका सकाळी तिचा आवाजी निरोप आला. आवाज अगदी सपाट. 'बाय, पोरीचे अब्बा गेले. कामावर वरनं पडले. दफन तिकडंच होनार. पोरीला सांगितलं न्हाय. येशील?'

मी गेले. घरात बायका बसल्या होत्या, आतल्या खोलीत कुराण वाचणं चाललं होतं. पोरगी मागच्या दारी शेजारच्या मुलांबरोबर टायर फिरवत होती. आपा भिंतीला टेकून बसली होती. माझा हात तिने धरला, आणि आधी तिने मला पाणी प्यायला लावलं, कारण मी उन्हातून आले होते.

मी भडकलेलीच होते. गोदामात माणूस वरून पडतो म्हणजे काय? दोर नव्हता? कठडा नव्हता? मी म्हटलं, "आपा, मी लिहिते. त्या कंत्राटदाराचं नाव घालून छापते."

"आन मग?"

"मग लोकांना कळेल."

"माझे दोन दीर त्याच कंत्राटदाराकडं हायत. तू छाप. परवा त्यांचं तिकीट काढून त्यांना घरी पाठवतील." तिचा आवाज वाढला नाही. "तुला लिवायचंच हाय ना? मग हिचं बघ. रोज सांजेला फोन घेऊन बसते. मी सांगते, रेंज न्हाय. किती दिवस सांगू? तुमच्या त्या पुस्तकांत बघ काय हाय का. ज्यात बाप मरतो आन पोराला कळतं, असं. मी वाचून दाखवीन. माझ्या तोंडून नुसतं निघत न्हाय."

दुसरं काहीच तिने मागितलं नाही. आयुष्यात मला कुणी इतकं सोपं काम सांगितलं नव्हतं.

मी गटावर लिहिलं. लोक चांगले आहेत, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांना बरंच बोलणार आहे. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने त्याच दिवशी पाठवलं. फोटो, पीडीएफ, पार्सलं. मी सगळी पुस्तकं घेऊन पुन्हा बोटीत बसले. आपाची इद्दत सुरू होती, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायची, ती घराबाहेर पडणार नव्हती. आम्ही दोघी माडीवर चटई टाकून बसलो आणि एकेक उघडलं.

पहिल्यात आजोबा तारा झाले. दुसऱ्यात आजी तारा झाली. तिसऱ्यात आजी वारा झाली आणि नातीचे केस उडवून गेली. चौथ्यात पुन्हा तारा, यावेळी जरा मोठा, सोनेरी शाईत.

आपाने चौथं मिटलं. "बाय, आमच्यात माणूस तारा होत न्हाय. मातीत ठेवतात. दुवा मागतात. बस."

"हो, पण लहान मुलांना..."

"आन तारा रोज दिसतो की. आता ती फोनची वाट बघते. मग अंगणात बसून ताऱ्याची बघील. ढग आले की मी काय सांगू? रेंज न्हाय?"

मला हसू आलं, तिलाही आलं, आणि हसता हसता ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. खालून सासूबाईंची हाक आली, "काय झालं गो?" तिने पदराने तोंड पुसलं आणि वरूनच ओरडली, "काय न्हाय, अम्मी, पुस्तक बघतो!"

त्या संध्याकाळी मी गटावर लिहिलं, 'मराठीत बाप मरत नाहीत का? की मेल्यावर सगळे आकाशातच जातात?'

पुण्याच्या बाईंनी समजुतीने लिहिलं, 'अगं, मुलांच्या कोवळ्या मनाचा विचार करावा लागतो.'

मी लिहिलं, 'कोवळ्या मनाचाच बाप मेलाय.'

मग चित्रकार मुलाने लिहिलं, 'आपणच करू या. मी चित्रं काढतो. तू मजकूर दे.'

मी मजकूर लिहिला. आपाला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, "ह्यात राग लई हाय. माझ्या पोरीला कंत्राटदार कशाला सांगतेस? अब्बा पडले. लागलं. मेले. आता येनार न्हायत. एवढंच लिव." मी तेवढंच लिहिलं. माझ्या हातून इतकं छोटं आणि इतकं नीट पूर्वी कधी उतरलं नव्हतं, आणि त्यात माझं काहीच नव्हतं.

पहिली चित्रं आली. पलंगावर बसलेला बाप, मांडीवर मुलगी. बापाच्या डोक्यावर टोपी, हनुवटीला दाढी. मला ती बघून भरून आलं. आणि गटात चर्चा सुरू झाली.

कुणी म्हणालं, कबर दाखवू नये, मातीचा नुसता रंग दाखवावा. कुणी म्हणालं, 'मेले' हा शब्द कानाला टोचतो. मग पुण्याच्या बाईंनी लिहिलं, 'टोपी काढली तर? म्हणजे पुस्तक सगळ्यांचं होईल. कुठल्याही मुलाला आपले बाबा वाटतील.' त्यावर अंगठे आले, हृदयं आली.

मी पेटले. मी लिहिलं की आजवर या गटातल्या प्रत्येक पुस्तकात टिळा लावलेले आजोबा आहेत, तुळशीला पाणी घालणारी आजी आहे, तेव्हा कुणी म्हटलं नाही की तुळस काढा म्हणजे सगळ्यांचं होईल. या पोरीने तुमच्या सगळ्या तुळशी बघितल्या, तुमच्या लॉनवर शेळ्या चारल्या. एकदा, फक्त एकदा, तिच्या बापाची टोपी तुमच्या मुलांनी बघितली तर काय बिघडतं? उत्तर आलं, 'यात राजकारण आणू नकोस.' मी उत्तराला उत्तर दिलं. त्यांनी माझ्या उत्तराला. रोज चाललं होतं. चित्रकार बिचारा दोन्हीकडून विचारत राहिला, 'मग नक्की काय करू?'

आणि तिकडे आपाच्या मागच्या दारी टायरवरून भांडण झालं. टायर पोरीने दुसऱ्या मुलाला दिला नाही. तो तिच्यापेक्षा वर्षभराने मोठा असेल. तो म्हणाला, "तुझा अब्बा मेलाय. तुला म्हायतीच न्हाय. सगळ्यांना म्हायती हाय."

गटात पुस्तकाची एकूण पानं ठरत होती त्या दिवशी.

आपाने मला नंतर सांगितलं. पोरगी आत आली, चुलीपाशी उभी राहिली आणि विचारलं, "अब्बा मेले?" आपा म्हणाली, "व्हय." ती रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मग रेंज न्हाय म्हनालीस ते?" आपा म्हणाली, "मी खोटं बोलले." पोरीने मान हलवली आणि हात धुवायला गेली.

"रडली असती तर बरं झालं असतं," आपा फोनवर म्हणाली. "आता सगळं विचारते. भात देते तर विचारते, ह्यो आपल्याच तांदळाचा हाय, खरं? नानी येनार म्हटलं तर, खरं येनार? पुस्तक घेतलं तर पहिल्या पानाला विचारते, हे खरं हाय? मी म्हनते, गोष्ट हाय गो. ती म्हनते, मग नको."

मी त्याला शिव्या घातल्या. त्या पोराला. आपा म्हणाली, "त्याला कशाला? तो येकटाच खरं बोलला."

पुस्तक झालं पुढे. टोपीशिवाय. 'मेले'च्या जागी 'दूर गेले' आलं. पीडीएफ खूप फिरली, अनोळखी लोकांनीही ब्लॉगवर टाकली, आणि खाली हात जोडलेली चित्रं आणि डोळे पाणावल्याच्या प्रतिक्रिया जमल्या. कुठल्या तरी मुलाला तिचा उपयोगही झाला असेल, मी नाही म्हणत नाही. आपाला मी ती पाठवली नव्हती, पण तिच्यापर्यंत पोचलीच. ती एवढंच म्हणाली, "चित्रं चांगली हायत." तिचा ब्लॉग मात्र खेकडीपाशीच थांबलाय. मी गट सोडला. भांडून नाही, नुसती बाहेर पडले. कुणी विचारलंही नाही.

परवा गेले होते. इद्दत संपलीय, पण आपा अजून फारशी बाहेर पडत नाही. माझ्या पिशवीत एक नवं चित्रपुस्तक होतं. हत्ती होडीत बसतो, होडी बुडत नाही. मी पोरीसमोर धरलं.

"हे खरं हाय?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "नाही," मी म्हटलं. "हत्ती बसला तर अशी होडी बुडेल."

"मग नको." तिने ते नीट बंद करून माझ्या मांडीवर ठेवलं. रागाने नाही. पाहुण्याचं सामान ठेवावं तसं. मग म्हणाली, "तू कशी आलीस?"

"दिघीपर्यंत एसटीने. मग जंगलजेटीत बसले, ती गाड्या घेऊन येते ना, ती बोट."

"कोन कोन व्हतं?"

"टेम्पो होता बर्फाचा. मोटारसायकली होत्या. एका माणसाकडे बकरी होती."

"कंची?"

"काळी. कान पांढरे."

"मग?"

"मग बोट निघाली. बकरी कठड्यापाशी उभी राहून पाण्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, अरे बाप रे, एवढं पाणी! आता मी..."

"तिनं तुला सांगितलं?"

"काय?"

"तिला वाटलं ते."

"नाही."

"मग ते नको सांगू. पुढं सांग."

चुलीपाशी आपाचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. मी पुढे सांगितलं. बोट आगरदांड्याला लागली. फळी खाली पडली. आधी मोटारसायकली उतरल्या, मग बर्फाचा टेम्पो, मग माणसं. बकरी उतरेना, मग त्या माणसाने तिला उचलून घेतलं.

"कुठं नेली?"

"बाजारात, बहुतेक."

"कापायला?"

मी आपाकडे बघितलं. तिने मान वळवली नाही.

"बहुतेक," मी म्हटलं.

पोरगी जवळ सरकून बसली. "बरं," ती म्हणाली. "पुढं?"