कावळ्याच्या शिफारशीची मांजर

माझ्या घरात मांजर आली ती कावळ्याच्या शिफारशीने.

मास्तरांचं डोकं फिरलं असं म्हणू नका. (कर्जतच्या शाळेतली पोरं म्हणतातच.) आमच्या हिचा दहावा दिवस होता. उल्हास नदीच्या काठी पिंड मांडला होता, आणि कावळा काही शिवेना! समोरच्या उंबरावर बसून नुसता बघत होता.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," भटजी म्हणाले. "शब्द द्या, म्हणजे शिवेल. पण लवकर द्या, मला गाडी गाठायचीय." घाटात आगगाडी सुरू झाल्यापासून आमचे भटजी कायम घाईत असतात.

मी हात जोडले. "दुसरं लग्न करणार नाही!"

कावळ्याने फांदीला चोच पुसली. (पन्नाशीच्या, दात पडलेल्या मास्तराने असला शब्द देण्यात त्याग तो कसला?)

"तपकीर सोडीन!"

कावळा आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. हा शब्द मी तिला ती असताना निदान सात वेळा दिला होता.

भटजींनी पिंडाला शिववायला दर्भाचा कावळा करायला घेतला. आम्हाला मूलबाळ नाही. तिच्यामागे तिचं म्हणून माणूस उरलं ते मी एकटा, आणि तिला काय हवं होतं एवढंही मला सांगता येईना! सव्वीस वर्षांच्या संसारात विचारायचं राहूनच गेलं होतं.

तेवढ्यात पलीकडे धुणं आपटणारी शेजारची ठकूबाई ओरडली, "ओ मास्तर, मांजरीचं बोला की!"

"कुठली मांजर?"

"तुमच्या परसात येते ती! वयनी रोज दूध घालायच्या न् तुमी काठी घेऊन मागं लागायचा, ती!"

"ठेवीन!" मी म्हणालो. "तिला घरात ठेवीन, शेवटपर्यंत सांभाळीन. काठी मोडून चुलीत घालीन!"

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला! भटजी गाडीकडे पळाले. मी तिथेच वाळूत बसून रडलो.

आता शब्द देणं वेगळं आणि मांजर ठेवणं वेगळं. घरात आधीच दोन जीव होते. ओटीवर खंड्या, माझा म्हातारा कुत्रा. आणि माजघरात पिंजऱ्यातला राघू, तो आमच्या हिचा. त्याला कुणी बोलायला शिकवलं नव्हतं. दिवसभर तिचं ऐकून ऐकून तो शिकला होता. त्यामुळे शब्दही तिचे आणि आवाजही हुबेहूब तिचा. मी दारात पाऊल टाकलं की "अहो, पाय धुतलेत का?" आणि परसदार वाजलं की "ये गं बाय, दूध पी!"

ठकूबाईने मांजर पोत्यात घालून आणली. "चुलीभवती तीन फेऱ्या घाला मास्तर, मग जायाची नाय."

पहिली फेरी बरी झाली. दुसऱ्या फेरीत पोतं गुरगुरलं. तिसऱ्या फेरीत काय चाललंय ते हुंगायला खंड्या आत आला, आणि पोतं फाटलं! मांजर सुटली ती थेट माझ्या डोक्यावर. (डोकं नुकतंच भादरलेलं. धरायला केस नाहीत म्हटल्यावर तिने नखं रोवली.) तिथून तिने खंड्याच्या पाठीवर उडी घेतली. आगगाडीच्या इंजिनावर छाती काढून भुंकणारा हा वीर कणगीमागे जाऊन जो बसला तो चार दिवस बाहेर आला नाही. दुधाचं पातेलं लवंडलं, माझं धोतर चुलीशी करपलं, आणि वरून राघू आमच्या हिच्या आवाजात म्हणाला, "अगंबाई!"

मी हसलो. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा. आणि हसता हसता डोळे पुसू लागलो, तशी ठकूबाई लवंडलेलं पातेलं उचलून ठेवून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मांजर पिंजऱ्याखाली बसू लागली. वर डोळे लावून, तासन् तास. आणि तो मूर्ख पक्षी तिला बोलावत होता, "ये गं बाय, ये गं!"

"अरे गाढवा, मरण कुणी आवतण देऊन बोलावतं का?" मी छडी घेऊन पहाऱ्याला बसलो. चौथ्या दिवशी पिंजरा उचलला आणि ठकूबाईच्या घरी नेऊन टांगला. राघूचा जीव वाचवला म्हणून स्वतःची पाठ थोपटली.

घर गप्प झालं. मांजर पिंजऱ्याच्या रिकाम्या आकड्याखाली बसून राहिली. दुधाला तोंड लावीना. खंड्या कणगीमागून निघाला, तोही तिच्याशेजारी येऊन बसला आणि भाकरी हुंगून तशीच टाकू लागला. तिसऱ्या दिवशी मांजर नाहीशी झाली.

मी हादरलो. बायकोला दिलेला एकच शब्द पाळण्याजोगा होता, तोही आठवडाभर टिकला नाही! गाव पालथं घातलं. शेवटी ठकूबाईच्या पडवीत शिरलो, तर मांजर तिथे, पिंजऱ्याखाली, डोळे मिटून पडलेली. राघू वर बडबडत होता आणि तिची शेपटी तेवढी हलत होती.

"सकाळपासनं हितंच हाय, पंखाला हात लावला नाय तिनं," ठकूबाई म्हणाली. "मास्तर, हिला राघू नको हाय. हिला वयनी पायजे."

मी पिंजरा आकड्यावरून काढला. खरं सांगतो, पिंजरा मी मांजरीच्या भीतीने नेलाच नव्हता. तो आवाज मला सोसवत नव्हता. मांजर हे निमित्त होतं. जे मुक्या जनावराला हवं होतं, त्याच्यापासून मी शहाणा मास्तर तोंड लपवून पळत होतो.

एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या काखेत मांजर घेऊन घरी आलो. (वाटेत तिने एकदाही ओरबाडलं नाही.)

आता शाळा सुटली की आम्ही तिघं पिंजऱ्याखाली बसतो. खंड्या, मांजर आणि मी. राघू वरून विचारतो, "अहो, पाय धुतलेत का?" मी धुतलेले असतात. तरी उठतो आणि पुन्हा धुतो.

ती होती तेव्हा दहादा सांगितल्यावर एकदा उठायचो. आता सगळ्या कर्जतात माझ्याइतके स्वच्छ पाय कुणाचे नाहीत, आणि बघायला ती नाही.